विश्लेषण : कातळाचा मुरूम कसा होतो? तो सैल का होतो?

पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगाव पट्ट्यात रस्ते, गोदामे आणि गृहप्रकल्पांच्या भरावासाठी मुरूम लागतो. मुरूम म्हणजे झिजून ठिसूळ झालेला कातळच. खडकाच्या या झिजेला भूगोलात ‘विदारण’ म्हणतात. ते कसे घडते आणि त्यातून धोका केव्हा निर्माण होतो?

मूळ खडक कोणता?

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना आकसला आणि खडकाला भेगा पडल्या. झीज सुरू होते ती या भेगांतून.

कायिक विदारण म्हणजे काय?

खडकाचे केवळ तुकडे होणे. हिमालयात भेगांतील पाणी गोठून सुमारे ९ टक्के फुगते आणि खडक फोडते. पुणे परिसरात तसे होत नाही. येथे उन्हाने तापणे-निवणे, पावसाने भिजणे-सुकणे आणि वड-पिंपळाची मुळे भेगा रुंदावतात.

रासायनिक विदारणात काय घडते?

हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने पावसाचे पाणी किंचित आम्ल होते. ते फेल्डस्पार या खनिजाची चिकणमाती करते. लोहयुक्त खनिजे गंजून तांबूस होतात. भेगांमधल्या ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजतात. मग चाकणच्या बाजारातल्या कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मधे टणक गोटा उरतो. रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत हे गोटे सहज दिसतात.

धोका केव्हा?

मुरुमात पाणी मुरते, खालच्या अखंड कातळात मात्र सहज शिरत नाही. संततधारेत वरचा थर जड होतो, पाण्याच्या दाबाने कणांची एकमेकांवरची पकड सुटते. त्यातच टेकडीचा पायथा खोदलेला असेल तर उताराचा आधारही जातो. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याला लागून असलेल्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात डोंगर कोसळला. १५१ जणांचा बळी गेला.

उपाय काय?

मुरूम हे गौण खनिज असल्याने उत्खननाला महसूल विभागाची परवानगी लागते. मात्र किती ब्रास काढला याइतकेच उतार किती उभा कापला, हेही पाहायला हवे. पायऱ्या-पायऱ्यांनी खोदाई, वरून येणाऱ्या पाण्यासाठी चर आणि झाडोरा राखणे हे साधे उपाय आहेत. उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, तर तेथून तातडीने दूर होणेच शहाणपणाचे.