श्रेयांकांची पेढी आणि विद्यापीठांची वेस

परभणीच्या महाविद्यालयात दोन वर्षे पुरी करून तिसऱ्या वर्षासाठी छत्रपती संभाजीनगरात येऊ पाहणारा विद्यार्थी काही परमुलखात जात नाही. तो मराठवाड्यातच राहतो. तथापि १९९४ साली नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यापासून या दोन शहरांमध्ये विद्यापीठाची वेस उभी आहे, आणि ती ओलांडताना त्याने शिकलेल्या प्रत्येक विषयाची नव्याने झडती होते.

नांदेडचे विद्यापीठ होणे इष्टच होते, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. १९५८ पूर्वी मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली येथे काढलेल्या महाविद्यालयासही, जे पुढे मिलिंद या नावाने नावारूपास आले, हीच वाट होती. विद्यापीठ विद्यार्थ्याच्या दाराशी यावे, हाच मराठवाडा विद्यापीठाच्या स्थापनेमागील हेतू. दारे वाढली, परंतु एका दारातून दुसऱ्या दारात जाण्याची सोय मात्र वाढली नाही.

२०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची पेढी उघडली. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक तेथे सात वर्षांपर्यंत जमा राहावेत व पुढे कोठेही उपयोगी पडावेत, अशी ही योजना. कल्पना उत्तम आहे. पण पेढी हिशेब ठेवते, हुंडी वटविणे तिच्या हाती नाही. विषयांची जुळणी, अभ्यासक्रमांतील फरक, जागांची उपलब्धता यांचा निर्णय प्रवेश देणाऱ्या संस्थेकडेच राहतो. दर्जा राखण्यासाठी विद्यापीठाने अभ्यासक्रम तपासावा हे रास्तच. मात्र मुलाने पहिले महाविद्यालय सोडल्यावर ही तपासणी सुरू व्हावी, हे कोणत्या न्यायाचे?

उलट तंत्रनिकेतनाच्या पदविकाधारकांकडे पाहावे. अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळण्याचा त्यांचा मार्ग वर्षानुवर्षे रुळलेला आहे. स्पर्धा तेथेही आहे, जागा तेथेही मोजक्याच आहेत. परंतु नियम आधी जाहीर असतो, म्हणून पदविकेच्या पहिल्याच दिवशी मुलास पुढचा जिना दिसतो. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या मुलांनी असे काय पाप केले आहे?

आमची सूचना साधी आहे. दोन्ही विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी एकत्र बसून विषयवार समकक्षतेचे तक्ते तयार करावेत व प्रवेश सुरू होण्यापूर्वी ते प्रसिद्ध करावेत. तक्त्यात न बसणाऱ्या विद्यार्थ्यास ठराविक मुदतीत, कारणांसह, लेखी उत्तर मिळावे. एखादा विषय अपुरा असेल तर तेवढाच पुरा करून घ्यावा. त्यासाठी अख्खे वर्ष मागे ढकलू नये. ते वर्ष म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरास खोलीचे भाडे, खानावळीचे बिल आणि, मुलगी असेल तर, शिक्षण आता पुरे झाले असे म्हणावयास घरच्यांना मिळालेले निमित्त. नांदेडचे विद्यापीठ आणि येथील विद्यापीठ एकाच घराच्या दोन वाटण्या आहेत. तक्त्यांसाठी त्यांना दिल्लीच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.