डॉक्टर की नट?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच खल सुरू होतो : विज्ञान शाखा की कला शाखा? विज्ञान घेतले की हार्मोनियम माळ्यावर जाते आणि ‘बारावी होऊ दे, मग नाटकंबिटकं’ असे बजावले जाते. ज्यांना आरोग्याच्या क्षेत्रात काम करायचे आहे, त्यांच्यासाठी तरी हा सौदा माझ्या मते तोट्याचा आहे.

डॉ. मोहन आगाशे यांचे उदाहरण घ्या. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मधला त्यांचा नाना फडणवीस गाजला. हेच गृहस्थ पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारशास्त्राचे प्राध्यापक होते. १९९१ मध्ये पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था निघाली, तिचे ते संस्थापक संचालक. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या मराठवाड्यात किल्लारीचा भूकंप झाला. पडलेली घरे मोजता येतात. पण मागे राहिलेल्यांच्या मनाची पडझड कशी मोजायची? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ज्या अभ्यासाने हा प्रश्न हाती घेतला, त्याचे आगाशे प्रमुख संशोधक होते. राज्याच्या मानसिक आरोग्य धोरणाच्या सुधारणेतही त्यांचा सहभाग होता. पुढे स्मृतिभ्रंशावरील ‘अस्तु’ चित्रपटात त्यांनी भूमिका केली, तर नैराश्यावरील ‘कासव’ची निर्मिती केली.

मनाला लावायला थर्मामीटर नाही. माणूस काय बोलतो, कुठे अडखळतो, कोणता शब्द टाळतो, हेच तेथे टिपायचे असते. नटाला याचीच तालीम मिळते, असे मला वाटते.

आम्हा पैठणकरांना यात नवल वाटू नये. चारशेहून अधिक वर्षांपूर्वी नाथांनी भारुडात विंचू आणि भूत आणून गहन गोष्टी गावाला समजावल्या. मात्र भौतिकीचा माणूस म्हणून एक अट घालतो : टाळ्या म्हणजे पुरावा नव्हे. तंबाखूविरोधी भारूड रंगले, पण तंबाखू सुटली किती जणांची? खेळ झालेली काही गावे आणि न झालेली तशीच काही गावे घ्या. दोन्हीकडे आधी व नंतर मोजा. असा आकडा पुढे ठेवला, तरच सरकारकडे त्या खेळासाठी हक्काने पैसा मागता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला व आरोग्य यांवरील तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, तोही धोरण आखणाऱ्यांना पुरावा हवा म्हणूनच.

या कामासाठी डॉक्टरच व्हायला हवे असे नाही. मानसशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्यांनाही काही संस्था सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला घेतात. तेथे संख्याशास्त्र चुकत नाही. तेव्हा कला शाखेला जाणाऱ्यांनी गणिताची वही एवढ्यात रद्दीत घालू नये.