दूध न पचणे हा दोष नव्हे

दरवर्षी २६ नोव्हेंबरला, वर्गीस कुरियन यांच्या जन्मदिनी, राष्ट्रीय दुग्धदिन साजरा होतो आणि दुधाविषयीच्या संदेशांना पूर येतो. एका बाजूला ‘दूध म्हणजे पूर्णान्न, रोज दोन पेले प्यायलेच पाहिजेत’ असे सांगणारे. दुसऱ्या बाजूला ‘दूध हे विषच’ असे बजावणारे. या दोन्ही पक्षांशी माझे भांडण आहे. एकशे चाळीस कोटी माणसांची आतडी एकसारखी असतात, हे दोघांनीही गृहीत धरले आहे.

प्रथम माझ्यापुरते सांगतो. लहानपणी रोज सकाळी पेलाभर दूध पिऊनच शाळेत जावे लागे आणि दुसऱ्या तासाला पोटात मुरडा येई. घरच्यांना ती शाळा चुकवण्याची सबब वाटे. पुढे डॉक्टरेटच्या काळात हाच त्रास ‘परीक्षेचा ताण’ ठरला. श्वासातील हायड्रोजन मोजण्याची साधी चाचणी झाली तेव्हा मी २९ वर्षांचा होतो. निदान कळल्यावर आई सहज म्हणाली, “तुझ्या आजीलाही दूध बाधायचं. ती ताकच प्यायची.” म्हणजे घरात ज्ञान होते, ‘पूर्णान्ना’च्या धाकापुढे त्याला कोणी विचारले नाही, इतकेच.

यातले विज्ञान अवघड नाही. दुधातील साखर म्हणजे लॅक्टोज. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात ती सुमारे ५ ग्रॅम असते. तिचे ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरात तयार होते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते, कारण आईच्या दुधात लॅक्टोज गाईच्या दुधाहूनही अधिक असते. अंगावरचे दूध सुटल्यानंतर मात्र हे विकर हळूहळू घटते. बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांत असेच घडते. न फुटलेली साखर परासरणामुळे आतड्यात पाणी ओढते. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात आणि हायड्रोजनसारखे वायू निर्माण होतात. पोटफुगी, कळा आणि जुलाब यांमागे एवढेच रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र आहे. यात मनाचा दुबळेपणा कुठेही येत नाही.

प्रौढपणीही लॅक्टेज चालू राहणे हा अपवाद आहे. जगातील सुमारे दोन-तृतीयांश माणसांना प्रौढ वयात लॅक्टोज नीट पचत नाही. असे असताना बहुसंख्यांच्या अवस्थेला ‘असहिष्णुता’ आणि अल्पसंख्यांच्या उत्परिवर्तनाला ‘सामान्य’ म्हणायचे, ही विज्ञानाची भाषा नव्हे. ज्या समाजांना दूध पचत होते, त्यांच्या वैद्यकशास्त्राने ती घडवली आणि आपण ती निमूटपणे उचलली.

भारताचे चित्र तर अधिकच बोलके आहे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लॅक्टोज न सोसणाऱ्यांचे प्रमाण दिल्लीत सुमारे २७ टक्के, तर तिरुवनंतपुरम व पुद्दुचेरी येथे सुमारे ६७ टक्के आढळले. २०१२ साली उपखंडातील २,२८४ डीएनए नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हैदराबादच्या सीसीएमबीचाही सहभाग होता. लॅक्टेज टिकवणाऱ्या उत्परिवर्तनाचे प्रमाण वायव्येकडून आग्नेयेकडे घटत जाते, असे त्यात दिसले. शिवाय हे उत्परिवर्तन युरोपात आढळते तेच असून दोहोंचे मूळ समान आहे. वशिंडाची गाय सिंधूच्या खोऱ्यात स्वतंत्रपणे माणसाळली. तिचे दूध पचवण्याची जनुकीय सोय मात्र स्वतंत्रपणे घडलेली दिसत नाही. ‘भारतीय रक्ताला दूध पचतेच’ असे अभिमानाने लिहिणाऱ्यांनी यावर क्षणभर थांबावे.

तरीही भारत हा जगातील सर्वांत मोठा दूध-उत्पादक देश आहे. २०२३-२४ मध्ये आपले उत्पादन सुमारे २३.९ कोटी टन होते. कुरियन यांच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु उत्पादनाचे यश हा पचनाचा पुरावा होत नाही.

या गोंधळावर आता व्यापारही उभा आहे. ‘ए-२ दूध कोणालाही पचते’ असे सांगून ते चढ्या भावाने विकले जाते. ए-१ आणि ए-२ यांतला फरक बीटा-केसिन या प्रथिनाच्या साखळीतील एका अमिनो आम्लाचा आहे. लॅक्टोज ही साखर असून ती दोन्ही दुधांत सारखीच असते. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वेष्टनांवरून असे दावे काढण्याचा आदेश दिला आणि अवघ्या पाच दिवसांत तो मागे घेतला. या माघारीवर विज्ञानप्रेमींनी जेवढे बोलायला हवे होते, तेवढे आपण बोललो नाही.

दुसऱ्या टोकालाही सुनावले पाहिजे. लॅक्टोज सोसत नाही म्हणजे दूध-दुभते वर्ज्य, असे मुळीच नाही. प्रश्न मात्रेचा आहे. ज्यांना लॅक्टोज पचत नाही अशा बऱ्याच जणांना एका वेळी सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे पेलाभर दुधातील लॅक्टोज, जेवणाबरोबर घेतल्यास फारसा त्रास होत नाही. मला त्याच्या निम्मेही सोसत नाही. ज्याने त्याने आपली मर्यादा शोधावी. दही लागताना लॅक्टोजचा काही भाग लॅक्टिक आम्लात बदलतो आणि दह्यातले जिवंत जिवाणू उरलेले पचवण्यास हातभार लावतात. ताकात पाण्यामुळे लॅक्टोज आणखी विरळ होते. तुपात ते जवळजवळ नसते. खव्यात मात्र आटवल्यामुळे दाट होते, म्हणून पेढ्यांच्या बाबतीत जपून. दूध अगदीच सोडायचे असेल, तर कॅल्शियमचा हिशेब मांडा: १०० ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. तिळातही भरपूर असते.

आणखी दोन भेद ध्यानात ठेवावेत. दुधाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. ती प्रथिनांविरुद्धची रोगप्रतिकारक प्रतिक्रिया असते आणि जिवावरही बेतू शकते. तसेच रक्त पडणे, वजन घटणे अशी लक्षणे असतील तर ‘दूधच बाधले असेल’ म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांकडे जा.

माझी मागणी छोटी आहे. शाळेत, वसतिगृहाच्या भोजनगृहात, आहारविषयक फलकावर जिथे ‘दूध’ लिहिले जाते, तिथे ‘दूध, दही किंवा ताक’ असे लिहावे. जीवशास्त्राच्या पुस्तकात लॅक्टेजचे घटणे हा विकार म्हणून नव्हे, तर सस्तन प्राण्यांचा नियम म्हणून शिकवावा. आणि एखादे मूल दुधाचा पेला दूर सारत असेल, तर त्याला हट्टी म्हणण्यापूर्वी एकदा त्याच्या पोटाला काय होते ते विचारावे. मला कोणी विचारले असते, तर शाळेतली कित्येक वर्षे मी दुसऱ्या तासाला घड्याळाकडे नव्हे, फळ्याकडे पाहिले असते.