तेलाची गाळणी

गणपती होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, तोच मालवणहून काकूचा फोन आला. काकू विनाकारण फोन करणाऱ्यांतली नव्हे. धुरीवाड्यातल्या घरात ती आता एकटीच असते, वय शहात्तर.

"गवात कमरेक लागता रे," ती म्हणाली, "सकाळी फुलां काढूक जाऊचा कसा? काल न्हाणीमागे फुरसा दिसला. ता तुझा मशीन चालू होता नि बंद पडता. पोरगो म्हणता, फिल्टर बदलूक व्हयो. येताना घेवन ये."

फुरशाचे नाव निघाले की कोकणातला माणूस हातातला घास खाली ठेवतो. पालापाचोळ्याच्या रंगाचे हे आखूड जनावर पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि चावले म्हणजे रक्त गोठायचेच विसरते. पण खरे सांगायचे तर फुरशापेक्षा मला 'तुझा मशीन' हे दोन शब्दच जास्त झोंबले. चार वर्षांपूर्वी खांद्याला अडकवायचा तो चार-स्ट्रोक ग्रासकटर मीच मोठ्या दिमाखाने काकूच्या पडवीत नेऊन ठेवला होता, आणि त्यानंतर त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. दुकानदाराने विचारले, "एंजिन कोणते?" मी म्हटले, "गवत कापायचे." त्याने माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि तीन-चार डबे पुढे मांडले. वांगी निवडावीत तसा त्यांतला एक जड, तुकतुकीत डबा मी निवडला. सौभाग्यवतींनी विचारले, "तो बसेल ना?" मी म्हटले, "फिल्टर तो फिल्टर."

कोकणकन्येने कुडाळ आणि तिथून एस.टी.ने मालवण गाठले. यंत्र पालथे केले, उलथे केले. डबा लावायला जागा कुठेच सापडेना. शेवटी यंत्र आणि डबा दोन्ही रिक्षात घालून बाजारातल्या मेस्त्रींकडे गेलो.

मेस्त्रींनी डबा हातात घेऊन फिरवला. "काका, ह्यो खय लावतलास? ह्या मशिनाक तेलाचो फिल्टरच नाय!"

मग मला उलगडा झाला तो असा. दाबाने तेल ढकलणारा पंप जिथे असतो तिथेच गाळणी चालते. कारण गाळणीतल्या जाड कागदातून तेल आपणहून जात नाही. या लहान एंजिनांत पंपच नाही. आतल्या फिरत्या भागांनी उडवलेले तेलाचे तुषारच सगळीकडे वंगण करतात. होंडाच्या जीएक्स-35 सारख्या एंजिनात तेल मावते अवघे 100 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक लहान कप! ते पहिल्यांदा दहा तासांनी आणि पुढे दर पन्नास तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदलायचे असते. गाळणी नाही म्हणून हा बदल हीच गाळणी. (दोन-स्ट्रोक यंत्रात तर तेल पेट्रोलातच मिसळायचे आणि जळून जाऊ द्यायचे, तिथे हा प्रश्नच उरत नाही.)

"तेल कधी बदललास?" मेस्त्रींनी विचारले.

मी डब्यावरची अक्षरे वाचू लागलो. त्यांनी बूच काढून तेल ओतले. "ह्यां तेल नाय, काजळ आसा," एवढेच ते म्हणाले.

यंत्र बंद पडण्याचे कारण मात्र निराळेच निघाले. हवेच्या गाळणीचा स्पंज जांभ्याच्या धुळीने आणि गवताच्या कुसाने गच्च झाला होता. एंजिनाला श्वासच मिळत नव्हता. मेस्त्रींच्या पोऱ्याने तो कोमट साबणाच्या पाण्यात धुतला आणि वाळत घातला. सुकल्यावर चांगल्या तेलात बुडवून घट्ट पिळला.

तो वाळेपर्यंत मेस्त्रींनी माझी शिकवणी घेतली. कोपऱ्यात किनाऱ्यावरच्या एका हॉटेलचे, वर बसून चालवायचे गवत-यंत्र उभे होते. त्याला पंपही होता आणि डबाही. मला जरा हुरूप आला. म्हटले, निदान इथे तरी माझा डबा लागू द्या. त्यांनी तो चढवला, आणि चढलाही! पण दातात खिळखिळे झालेले बूच हलावे तसा हलू लागला. हॉटेलच्या यंत्राचा आटा पाऊण इंची, इंचाला सोळा फेऱ्यांचा. माझ्या डब्याचा वीस मिलिमीटरचा, दीड मिलिमीटर अंतराचा. फरक जेमतेम एका मिलिमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. पण एंजिन तापून तेलाचा दाब चढला की असा डबा सुटतो, सगळे तेल बाहेर येते आणि मिनिटभरात एंजिन जाम होते.

आणि आटा जुळला म्हणजेही झाले असे नाही. रबरी कडे त्याच मापाचे हवे. गाळणी तुंबली तर तेल वळसा घालून जाऊ देणारी झडप त्या एंजिनाला सोसेल त्याच दाबाला उघडणारी हवी. डबा आडवा बसत असेल, तर एंजिन थांबल्यावर तेल परत ओघळू न देणारी झडपही आत हवी. बाहेरून सगळे डबे सारखेच. म्हणून एंजिनावरचा नंबर आधी लिहून न्यायचा आणि त्या नंबराचा डबा मागायचा. वजन आणि चकाकी पाहायची नाही. बसवताना जुने रबर एंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने चाचपायचे, नव्या रबराला तेलाचे बोट लावायचे आणि रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा. पाना नको.

गवत कापायचे यंत्र इंग्लंडात एडविन बडिंगने 1830 साली काढले. मोटारीच्या तेलाला गाळणी मिळाली 1923 च्या सुमारास, आणि हा फिरवून बसवायचा डबा आला 1954 साली. एवढ्या लोकांनी एवढी डोकी चालवली, आणि मी दुकानात जाऊन वांगी निवडत बसलो!

यंत्राचा दांडा हाताने फिरवून, कान लावून मेस्त्री म्हणाले, "वाचला. वायच झिजलाहा, पण वाचला." कप भर तेल घालून त्यांनी दोरी ओढली, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच ते यंत्र न खोकता चालू झाले.

संध्याकाळपर्यंत न्हाणीपासून विहिरीपर्यंतचे गवत भुईसपाट झाले होते. काकू हातात परडी घेऊन, काठी न आपटता, तगरीपर्यंत जाऊन आली. मग तिने स्वयंपाकघरातले कालनिर्णय उतरवले. गॅस सिलिंडर आणल्याच्या तारखा ती त्यावर लिहिते. त्यांच्याच ओळीत, मार्चच्या पानावर, तिने पेन्सिलीने 'तेल' असे लिहिले आणि मला विचारले, "ह्यो डबो दुकानदार परत घेतलो?"