नानींचा प्रश्न आणि थेंबभर रक्त

आमच्या भाचीचं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं. वजन जेमतेम एक किलो. काचेच्या पेटीत ठेवलेल्या त्या जिवाचं रक्त तपासणीला न्यायला सिस्टर पुन्हा आल्या, तेव्हा नानी म्हणाल्या, "परत रक्त? आहेच किती त्याच्या अंगात?" आम्हीच त्यांना गप्प केलं.

नानींचं चुकलं नव्हतं. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 80-90 मिली रक्त असतं, म्हणजे कटिंग चहाएवढं. त्यातलं दोन मिली काढणं म्हणजे मोठ्या माणसाचं शंभरेक मिली एका दमात काढण्यासारखं. असं रोज झालं की बाळाला वरून रक्त चढवायची वेळ येते.

पण तपासणी टाळूनही चालत नाही. बाळाला जेंटामायसिन चालू होतं. हे औषध कमी पडलं तर जंतू मरत नाहीत, अंगात साचलं तर मूत्रपिंडाला आणि कानांना इजा होऊ शकते. म्हणून रक्तातलं त्याचं प्रमाण मोजतात.

मग थेंबभर रक्तावर भागेल का? जुनी युक्ती आहे. 1963 साली अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेतले थेंब टिपकागदावर वाळवून एका जन्मजात आजाराची तपासणी करता येते, हे दाखवलं. आता तशाच वाळलेल्या डागातून औषधंही मोजतात. किडनी बदललेल्या रुग्णांच्या टॅक्रोलिमस गोळीसाठी ही पद्धत बरीच तपासून पाहिली गेली आहे. रुग्णाने घरी बोट टोचायचं, कागद सावलीत वाळवायचा आणि टपालाने पाठवायचा.

अडचण रक्ताच्या दाटपणाची. दाट रक्त कागदावर कमी पसरतं, पंडुरोग असलेल्या बाईचं पातळ रक्त जास्त पसरतं. दोघांच्या डागातून सारखाच तुकडा कापला तरी त्यात रक्त सारखं नसतं, मग आकडाही फसवतो. त्यावर तोड म्हणून छोटी कांडी निघाली. तिचं पांढरं टोक थेंबाला टेकवलं की ठरलेलं 10 किंवा 20 मायक्रोलिटरच रक्त शोषतं. 20 मायक्रोलिटर म्हणजे एका मिलीचा पन्नासावा भाग! मात्र बोट पिळू नये, रक्तात अंगातलं पाणी मिसळतं.

एवढ्याशा रक्तातलं औषध मोजणारं यंत्र महाग असतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी अजून नळीच भरतात. बोटाचा आणि शिरेचा आकडा जुळेलच असंही नाही, म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नये.

आणि वेळ! फिटच्या गोळीचं प्रमाण सहसा पुढची गोळी घेण्याच्या अगदी आधी बघतात. रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून गोळ्या सहरी-इफ्तारला घेत असाल तर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लॅबमध्ये सांगा. कोणी विचारलं नाही तरी सांगा. त्याशिवाय आकड्याचा अर्थ लागत नाही.

बाळाच्या बाबतीत शेवटी आम्हीच धीर करून सिस्टरना विचारलं, कमी रक्तात होणार नाही का? दोन तपासण्या एकाच वेळी घेता येतील का? दुसऱ्या दिवशी त्या अर्ध्या मिलीची नळी घेऊन आल्या. एवढी छोटी नळी असते, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. नानींनी ती हातात घेऊन बघितली आणि मग बाळाचा पाय स्वतःच धरला.