पन्नास रुपयांचा कायदा

मुक्या जनावरांचा छळ करणाऱ्यांना कडक शिक्षा हवी असे कोणी म्हटले, की एक ठरावीक उत्तर ऐकायला मिळते. ते अलीकडे एका विद्वान गृहस्थांनी पुन्हा मोठ्या आत्मविश्वासाने दिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कायदा आहेच, अंमलबजावणी तेवढी करा, शिक्षा वाढवून क्रौर्य कमी होत नसते, माणसांचे खटले वर्षानुवर्षे पडून असताना कुत्र्या-बैलांसाठी न्यायालये अडवू नका, मटण खाणाऱ्यांनी तर या विषयात तोंडच उघडू नये, आणि अखेर या सगळ्यात भरडला जाईल तो गरीब गाडीवान. हे सारे वाचताना शहाणपणाचे वाटते. पण ‘कायदा आहेच’ असे लिहिणाऱ्याने निदान तो कायदा उघडून पाहायला हवा होता.

तो कायदा 1960 चा आहे. मारझोड, अतिभार, उपासमार, आखूड दोरीने जखडून ठेवणे, जखमी जनावर कामाला जुंपणे हे सगळे त्याच्या कलम 11 मध्ये येते. पहिल्या गुन्ह्याला शिक्षा किती? किमान 10 रुपये आणि कमाल 50 रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर 25 ते 100 रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. न्यायाधीश कितीही कळवळ्याचा असला, तरी पहिल्या गुन्ह्याला 50 रुपयांच्या वर एक रुपयाही दंड त्याला करता येत नाही. अशा कायद्याची कसोशीने अंमलबजावणी केली, तरी हाती येणार ते पन्नासच रुपये. शिवाय अंमलबजावणीची वाटही याच कायद्याने अडवून ठेवली आहे. जनावर मारणे, त्याला विकल करणे, झुंजी लावणे असे मोजके प्रकार सोडले तर बाकीचे गुन्हे अदखलपात्र आहेत. म्हणजे पोलीस नोंद करून घेतील, पण दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकणार नाहीत. त्यावर कलम 36 सांगते, की गुन्हा घडल्यापासून तीन महिने उलटले तर खटलाच भरता येत नाही. एखाद्या बैलाला खांदेसूज आलेली आहे, जू घासून घासून कातडे सोलवटले आहे, आतले लाल मांस दिसते आहे, माशा बसताहेत, आणि मालक त्याच जखमेवर पुन्हा जू ठेवतो आहे. हे पाहून तळमळणाऱ्या माणसाने आधी चौकीत नोंद करायची, मग न्यायालयाचा आदेश मिळवायचा, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणायचा, साक्षीदार उभे करायचे, आणि हे सारे तीन महिन्यांच्या आत. कशासाठी, तर पन्नास रुपयांच्या दंडासाठी! दुसऱ्या गुन्ह्याची वाढीव शिक्षा तर त्याहून लांबची गोष्ट, कारण पहिला गुन्हा शाबित झाल्याशिवाय दुसरा मोजायचा कसा? पोलीस आळशी आहेत म्हणून हा कायदा निपचित पडलेला नाही. त्याची घडणच अशी आहे, की कामसू पोलिसालाही त्यात हात घालावासा वाटू नये.

यावर हे गृहस्थ भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 कडे बोट दाखवतील. तिथे पाच वर्षांपर्यंत कैद आहे, हे खरे. पण ते कलम जनावराला ठार मारणे, विष घालणे, कायमचे निकामी करणे एवढ्यापुरतेच आहे, आणि तेही मालमत्तेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात बसवलेले आहे. जनावर जिवंत राहील एवढी काळजी घेऊन त्याला वर्षभर उपाशी ठेवले, तर हे कलम त्याच्या उपयोगाचे नाही. उलट 1 जुलै 2024 पासून एक जुना आधार गेला. दंड संहितेतील 377 कलमाखाली जनावरावरील लैंगिक अत्याचार हा गंभीर गुन्हा होता. नव्या संहितेत त्याच्या जागी काहीही आलेले नाही.

‘शिक्षा वाढवून काही होत नाही’ हा दावाही तपासून पाहू. बैलगाडा शर्यतींसाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये याच कायद्यात दुरुस्ती केली आणि शर्यतीत बैलाला क्लेश देणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. म्हणजे घाटात बैलाला पराणीची आर टोचली तर पाच लाखांपर्यंत, आणि घाटाबाहेरच्या रस्त्यावर त्याच बैलाला तीच आर टोचली तर पन्नास रुपये. मोठ्या शिक्षेचा धाक उपयोगी नसेल, तर सरकारने तो घाटापुरता का घातला? त्या वादात ‘शेतकरी बैलाला लेकरासारखा जपतो’ हे वाक्य शेकडो वेळा ऐकवले गेले. जपणारे असंख्य आहेत, यात शंका नाही. त्यांना या कायद्याची झळ लागण्याचे कारणच नाही. लेकराला जपणारे आईबाप बहुसंख्य असतात म्हणून मुलांच्या छळाविरुद्धचे कायदे कोणी रद्द केलेले नाहीत.

उरलेले आक्षेप किरकोळ आहेत. माणसांचे खटले तुंबले म्हणून चोरीचे खटले कोणी थांबवत नाही. मटण खाणारा माणूसही बकऱ्याचे हाल होऊ नयेत असे म्हणू शकतो. गाडीवानाच्या गरिबीचा मुद्दा मात्र गंभीर आहे. ऊसतोडीच्या टायरगाडीवर टनावर पैसे मिळतात, म्हणून बैलाला न झेपणारा ऊस भरला जातो. पण त्यावरून निष्कर्ष निघतो तो भार ठरवणाऱ्या मुकादमालाही आरोपी करण्याचा, बैलाला वाऱ्यावर सोडण्याचा नव्हे.

मग हवे काय? हलगर्जीपणा आणि हेतुपुरस्सर छळ असे दोन भाग करा. हलगर्जीपणाला भरीव दंड, जनावराच्या उपचाराचा सगळा खर्च, आणि पुढे तपासणी. जाणूनबुजून केलेल्या छळाला दखलपात्र गुन्हा आणि कैद. तीन महिन्यांची मुदत निदान वर्षाची करा. गुन्हेगाराकडून जनावर काढून घेण्याचा आणि पुढे जनावर पाळण्यास मनाई करण्याचा अधिकार कलम 29 मध्ये आजही आहे. छळ हेतुपुरस्सर असेल तिथे त्याचा वापर हाच नियम ठरवा. यात अचाट असे काही नाही. इंग्लंडने 2021 मध्ये कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर नेली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच संसदेला शिक्षा वाढवण्याविषयी सुचवले होते, आणि केंद्राने 2022 मध्ये दुरुस्तीचा मसुदाही लोकांसमोर ठेवला होता.

निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला वाचकांनी एवढेच विचारावे, की त्या मसुद्याचे पुढे काय झाले, आणि तुम्ही त्यासाठी संसदेत उभे राहणार का? जनावराला मत नाही. ते मत त्याच्या वतीने आपल्यालाच द्यायचे आहे.