आतड्याचा कर्करोग : तपासणी कोणती, फेऱ्या किती?

वरूड (प्रतिनिधी) : शौचावाटे रक्त जाऊ लागले की संत्रापट्ट्यातील सामान्य माणूस ती मूळव्याध समजतो. आंबिया बहाराची तोड आटोपेपर्यंत दुखणे अंगावर काढले जाते. पुढे पोटाची सोनोग्राफी होते, तिच्यात काही आढळत नाही आणि रुग्ण निर्धास्त होतो. धोका नेमका येथेच आहे. मोठ्या आतड्यातील लहान गाठ सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही. त्यामुळे हा अहवाल 'नॉर्मल' आला म्हणून कर्करोग नाही, असे म्हणता येत नाही.

मग संशय आल्यास कोणती तपासणी करावी? या प्रश्नाचा मोठा अभ्यास ब्रिटनमधील २१ रुग्णालयांत झाला. 'सिगार' नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लक्षणे असलेल्या ३,८३८ रुग्णांची बेरियम एनिमा आणि सीटी कोलोनोग्राफी अशी विभागणी करण्यात आली. बेरियमने ५.६ टक्के, तर सीटीने ७.३ टक्के रुग्णांत कर्करोग वा मोठ्या गाठी सापडल्या. बेरियमच्या गटात ८५ पैकी १२ कर्करोग नजरेतून सुटले. सीटीच्या गटात ४५ पैकी ३. बेरियम एनिमाचे दिवस सरले, हे या आकड्यांनी स्पष्ट केले.

दुसरी तुलना सीटी कोलोनोग्राफी आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, यांच्यात झाली. सुमारे १,६०० रुग्णांच्या या चाचणीत गाठी सापडण्याचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखे, ११ टक्क्यांच्या घरात होते. फरक पडला तो पुढे. सीटी झालेल्यांपैकी ३० टक्के रुग्णांना आतड्याची आणखी एखादी तपासणी करावी लागली. दुर्बिणीच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. कारण साधे आहे. सीटी केवळ प्रतिमा दाखवते. गाठीचा तुकडा काढून तपासल्याखेरीज निदान पक्के होत नाही आणि तो तुकडा दुर्बिणीतूनच काढता येतो.

लंडनच्या रुग्णासाठी दुसरी तपासणी म्हणजे आणखी एक भेट. वरूडच्या शेतमजुरासाठी ती अमरावती किंवा नागपूरची आणखी एक फेरी असते. पुन्हा जुलाबाचे औषध, सोबतच्या नातेवाइकासह बुडालेली मजुरी आणि त्यातून होणारी चालढकल. म्हणूनच येथे कोलोनोस्कोपीलाच पहिली पसंती मिळायला हवी. गाठीमुळे मार्ग अरुंद होऊन दुर्बीण पुढे जात नसेल किंवा वयोवृद्ध रुग्णाला ती झेपणार नसेल, तेव्हा सीटी कोलोनोग्राफी उपयोगी पडते. मात्र पोटाचा साधा सीटी स्कॅन म्हणजे ही तपासणी नव्हे. कोलोनोग्राफीत आतडे आधी स्वच्छ करून वायूने फुगवावे लागते.

'सिगार'मधील रुग्ण ५५ वर्षांवरील होते, हेही ध्यानात घ्यावे लागेल. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८०० रुग्णांच्या आढाव्यात सरासरी वय ४७ च्या आसपास आढळले आणि गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. 'या वयात कसला कर्करोग' ही समजूत त्यामुळे टिकत नाही. गुदाशयातील अनेक गाठी डॉक्टरांच्या बोटाला लागतात. त्यासाठी यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. हातमोजा आणि रुग्णाचा संकोच दूर करणारे दोन शब्द पुरतात. ही तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही होऊ शकते.

मोठ्या यंत्रांची मागणी रास्तच आहे. परंतु त्याआधी प्रत्येक रक्तस्रावाच्या रुग्णाची बोटाने तपासणी, संशय असल्यास थेट कोलोनोस्कोपीची चिठ्ठी आणि दुर्बीण हाताळणारा तज्ज्ञ ठरावीक दिवशी तालुक्याला उपलब्ध, एवढी व्यवस्था झाली तरी बरेच साधेल. मूळव्याधीच्या नावाखाली वाया जाणारे महिने वाचवणे, हाच या साऱ्या तुलनेचा खरा अर्थ आहे.